साडेतीन सेंटिमीटर

माशाचं पुढचं सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, हे तेओलिंदा मानिउआरी सांगून सांगून थकली. पण ते वाचायला आमच्या वस्तीत वेळ आहे कुणाला? इकितोस शहरातली निम्मी माणसं माशांवर पोट भरतात, उरलेली माशांनी पोट भरतात, आणि तरी शोभेच्या टाकीत कोणता मासा सोडावा हे कळणारी बाई आमच्यात एकच होती. नेमकं तिचंच कुणी ऐकलं नाही.

एकतीस वर्षं ती मासे परदेशी पाठवणाऱ्या एका कोठीत निवडकामाला होती. ओढ्यांतून पकडून आणलेले मासे पांढऱ्या टबात ओतायचे आणि तांदूळ निवडावेत तसे वाटीने वेगळे करायचे: बारीक, मध्यम, मोठे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक तिच्या डोळ्यांना पट्टीशिवाय कळायचा. मग पिशवीत पाणी, पाण्यावर हवा, वर रबर, आणि खोका विमानतळाकडे. कुठलाही मासा कोठीत तीन आठवड्यांच्या वर टिकला नाही. मेला तरी गेला, जगला तरी गेला. आणि सुट्टीच्या दिवशी ती बेलेनच्या बाजारात जायची तेव्हा त्यातल्याच काही जाती हातभर, कंबरभर होऊन फळीवर आडव्या पडलेल्या दिसायच्या. बोटाएवढा जिवंत मासा तिने पाहिला होता, हातभर मेलेला पाहिला होता. मधलं आयुष्य मात्र एकाही माशाचं पाहिलं नव्हतं. बाईला दुसरा काही शौक नव्हता. मरण्याआधी एकदा तरी मासा लहानाचा मोठा होताना, म्हातारा होताना बघायचा, एवढीच तिची इच्छा होती.

निवृत्तीच्या दिवशी कोठीच्या मालकाने तिला भाषण दिलं आणि एक जुनी काचेची टाकी दिली. भाषण तिथेच संपलं, टाकी घरी आली. घर खालच्या वस्तीत, वर्षातले चार महिने नदी दारात नव्हे तर चुलीपाशी येऊन बसते. तिथे टाकी ठेवायची कुठे? म्हणून तिने वरच्या रस्त्यावरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला गाठलं. केट्टी तिचं नाव, पोरगी हसतमुख.

"ठेव ना मावशी," केट्टी म्हणाली. "पोरं सुईला घाबरून ओरडतात, मासे बघून तरी गप्प बसतील. फक्त मला त्यातलं काही विचारू नकोस."

"तुला काही विचारायचं नाहीये. कुणालाच काही विचारायचं नाहीये," तेओलिंदा म्हणाली.

तिची यादी तयार होती. टाकी ऐंशी सेंटिमीटर लांब, त्यात बारा निऑन टेट्रा, तळाशी सहा शिरुई, त्यातही त्या मिशीवाल्या बुटक्या जातीचे, आणि एक छोट्या बुहुर्कीची जोडी. पूर्ण वाढून सगळे बोटाच्या आत राहणारे. कुणी कुणाच्या तोंडात न मावणारे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माशाला कळत नाही, ते त्याला आणणाऱ्याने बघायचं असतं. पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात तिने हे लिहून काढलं, आणि तिथेच तिची चूक झाली, कारण तो पुठ्ठा वस्ती समितीचा अध्यक्ष लिसार्दो पाकाया याच्या नजरेला पडला.

"तेओलिंदाबाई, पाद्रिनो कुठे आहेत?" त्याने विचारलं.

आता आमच्याकडे पाद्रिनोशिवाय पान हलत नाही. मूल झालं की त्याला धर्मपिता हवा, हे ठीकच. पण आमच्याकडे नव्या होडीला पाद्रिनो लागतो, शाळेच्या बाकाला लागतो, फुटबॉलच्या टीमच्या शर्टांना लागतो. गेल्या साली संडासाला दोन पाद्रिनो होते आणि दोघांची नावं दारावर रंगवलेली आहेत. पाद्रिनो वस्तू देतो, वस्ती त्याला मान देते, आणि दिलेली वस्तू परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

"माशांना कसले पाद्रिनो?" तेओलिंदा म्हणाली.

"उद्घाटन तर होणार ना? रिबन बांधलेली बाटली फुटणार ना? मग ती फोडणार कोण, तुम्ही? काही काळजी करू नका, मी एक होतो, आणि आदेल्मो दुसरा होईल. तो तर तुमचा कोम्पाद्रेच आहे."

ते खरं होतं. तीनचाकी मोटोकारो चालवणाऱ्यांच्या संघटनेचा पुढारी आदेल्मो तापुयिमा हा तेओलिंदाच्या नातीचा पाद्रिनो. म्हणजे तो तिला कोमाद्रे म्हणणार, ती त्याला कोम्पाद्रे म्हणणार, आणि दोघांनी जन्मभर एकमेकांशी भांडायचं नाही. सख्ख्या भावाशी भांडता येतं. कोम्पाद्रेशी नाही.

तिने शहाणपणा करून दोघांना यादी दाखवली. यातलेच मासे द्या म्हणाली.

"शिरुई?" आदेल्मोने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "कोमाद्रे, शिरुई आमच्याकडे रश्शात पडतो. आणि हे निऑन! माझ्यामागे ऐंशी मोटोकारो आहेत, आणि माझ्या नावाने टाकीत काय, तर हे पिटुकले? लोक म्हणतील, आदेल्मोने डास दिले."

"कोम्पाद्रे, टाकी केवढी आहे बघा तरी."

"बघितली. म्हणून तर लहानसाच आणणार."

लहानसाच आणला. उद्घाटनाला आरोग्य केंद्रापुढे फुगे लागले, पानात बांधलेल्या भाताचे हुआने वाटले गेले, लिसार्दोचं भाषण गरोदर बायकांना उभं ठेवून अर्धा तास चाललं, छोट्या हातोडीने बाटली फुटली. आणि मग दोन पिशव्या पुढे आल्या. लिसार्दोच्या पिशवीत अरवानाचं पिल्लू, वीतभर, रुपेरी पट्टीसारखं. आदेल्मोच्या पिशवीत करंगळीएवढा पेहेतोरे: काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट आणि लांब मिशा. दिसायला देखणा, यात वाद नाही.

तेओलिंदाने त्याचं तोंड पाहिलं. डोकंभर रुंद तोंड.

"हा सव्वा मीटरचा होतो," ती म्हणाली.

"कोण?" आदेल्मोने पिशवी कानाशी नेऊन हलवली. "हा? अहो, माझ्या अंगठ्यापेक्षा लहान आहे तो!"

सगळे हसले. केट्टीसुद्धा हसली. लिसार्दो म्हणाला, "बाईंनी एकतीस वर्षं मासे बघितले, आता त्यांना सगळे मोठेच दिसतात." आणि टाळ्यांच्या गजरात दोन्ही पिशव्या टाकीत रिकाम्या झाल्या. भिंतीवर पाटी लागली: अरवाना, पाद्रिनो लिसार्दो पाकाया. पेहेतोरे, पाद्रिनो आदेल्मो तापुयिमा. निऑन, शिरुई आणि बुहुर्की तेओलिंदाने स्वतः आणलेले, त्यांची पाटी नव्हती. तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं, असं ती पुढे कितीदा म्हणाली असेल. पण समोर कोम्पाद्रे हात जोडून उभा असताना नाही कसं म्हणायचं?

पहिल्या आठवड्यात बाराचे नऊ निऑन झाले. दुसऱ्यात सात. मेलेला एकही सापडेना. पेहेतोरे मात्र सकाळी तळाशी पोट टेकवून पडलेला असायचा, लग्नाचं जेवण जेवून ओसरीवर लवंडलेल्या व्याह्यासारखा.

"पाण्यातच काहीतरी गडबड आहे," लिसार्दो समितीच्या बैठकीत म्हणाला. "एकतीस वर्षांचा अनुभव म्हणे, आणि बारा मासे जगवता येत नाहीत."

"पाणी चोख आहे! तो पेहेतोरे त्यांना खातोय!" तेओलिंदा उठून ओरडली.

"कोमाद्रे, कोमाद्रे," आदेल्मो दुखावल्या आवाजात म्हणाला. "दिवसभर तो बिचारा हलतसुद्धा नाही. तुम्ही त्याला खाताना पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं, तो रात्री खातो आणि रात्री केंद्राला कुलूप असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमच्याकडे माशांनाही लागू आहे हे तिला त्या दिवशी कळलं. महिन्याभरात निऑन संपले. शिरुई काटेरी, ते थोडे जास्त टिकले. बुहुर्कीच्या जोडीने दगडाखाली अंडी घातली होती. ज्या सकाळी तिला ती दिसली त्या सकाळी तिने केट्टीला हाताला धरून ओढत आणलं, आणि तिसऱ्या सकाळी अंडी नव्हती, मादी नव्हती, नर होता तो एका कोपऱ्यात थरथरत होता. तेओलिंदा बाकावर बसून रडली. रागाने रडली. ताप आलेल्या पोराची आई तिला विचारत होती, मावशी, तुमचं कोण आजारी आहे?

बोलून उपयोग नाही तर दाखवावं, असं तिने ठरवलं. पेहेतोरे पूर्ण वाढला की केवढा होतो ते लोकांनी डोळ्यांनी बघायला हवं. भिंतीवर आडवी जागा शिल्लक नव्हती, खाली बाकं आणि वर लसीकरणाची चित्रं. मग दोन दारांच्या मधल्या उभ्या पट्टीत तिने मासा उभाच काढला. शेपूट जमिनीला, नाक वर, बरोबर एकशे पंचवीस सेंटिमीटर. काळा, पांढरा, लाल, तिन्ही रंग भरले. बाजूला मोजपट्टीच्या खुणा केल्या, कुणी अतिशयोक्ती म्हणायला नको. दोन दिवस कंबर मोडून काम केलं.

तिसऱ्या दिवशी ती आली तर चित्रापुढे रांग होती. बायका पोरांना माशाला पाठ टेकवून उभं करत होत्या.

"ताठ उभा राहा रे! बघ, माझा पोरगा पेहेतोरेच्या डोळ्यापर्यंत आला."

"माझी अजून पोटापर्यंतच आहे. केट्टी, हिला टॉनिक लिहून दे."

केट्टी वही घेऊन उंच्या लिहीत होती. तेओलिंदाला बघताच तिने गळ्यात हात टाकले. "मावशी, काय डोकं आहे गं तुझं! पूर्वी एक पोर मोजायला तीन माणसं लागायची. आता स्वतःहून उभी राहतात. जिल्ह्याच्या डॉक्टरबाई फोटो काढून घेऊन गेल्या."

"ती मोजपट्टी नाहीये," तेओलिंदा म्हणाली. "तो मासा आहे. तो मासा त्या टाकीत आहे. आणि तो एवढा होणार आहे."

"हो ना, छानच काढलायस."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने एकेका बाईला धरून सांगितलं. बायका टाकीतल्या माशाकडे बघायच्या, मग भिंतीकडे, मग तिच्याकडे, आणि विचारायच्या, आज डॉक्टर किती वाजता येणार?

पावसाळ्याच्या तोंडावर अरवानाने झाकणाच्या फटीतून उडी मारली. सकाळी तो बाकाखाली वाळलेला सापडला. अरवाना उडी मारतो, ती त्याची जातच आहे. फांदीवरचा किडा तो पाण्याबाहेर येऊन पकडतो, हे नदीवरच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण लिसार्दोने शोकसभा घेतल्यासारखं तोंड करून झाकण कुणी लावलं होतं ते विचारलं, आणि आपण दुसरा अरवाना देण्याइतके मोठ्या मनाचे आहोत असं जाहीर केलं. त्या दिवशी घरी जाऊन तेओलिंदाने केळ्यांचा घड असा काही कोयत्याने तोडला की शेजारीण बघायला आली.

दुसरा अरवाना आला, आणि पंधरवड्यात दिसेनासा झाला. तोवर टाकीत दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे कुणी खाल्ला हे विचारायची सोयही उरली नव्हती. दोन बुहुर्की, सहा शिरुई, बारा निऑन आणि एक अरवाना पोटात घालून पेहेतोरे एकटा राहिला. आदेल्मो रोज भाडं सोडायला यायचा तेव्हा काचेवर टिचकी मारायचा. "काय बाळा, जेवलास का? कोमाद्रे, काय बाळसं धरलंय बघा!"

बाळसं धरणारच. खायला कोण घालत होतं? तीच. उपाशी तरी कसा ठेवायचा? रोज सकाळी बेलेनच्या बाजारातून माशाचे तुकडे आणायची, निम्मं पाणी बदलायची, वीज गेली की हवा खेळावी म्हणून तांब्याने पाणी वरून ओतत बसायची. दर सोमवारी काचेला फीत लावून त्याला मोजायची आणि भिंतीवरच्या चित्राच्या कडेला लाल खडूने रेघ मारायची. बारा. एकोणीस. सत्तावीस. हे सगळं समितीपुढे पुरावा म्हणून, असं ती केट्टीला सांगायची. तिची चाहूल लागली की पेहेतोरे मिशा काचेला लावून यायचा, आणि ती म्हणायची, "आलास का खादाडा, माझं सगळं घर खाल्लंस तू." मग तुकडा हातानेच भरवायची.

नवव्या महिन्यात तो एक्केचाळीसचा झाला आणि त्याला टाकीत वळता येईना. वळताना नाक एका काचेला घासायचं, शेपूट दुसऱ्या. नाकाची कातडी सोलवटली. तेओलिंदाने ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. नऊ महिने माशांचं शास्त्र सांगून झालं होतं. आता तिने वस्तीचं शास्त्र काढलं.

दवाखान्यात तपासणीचा दिवस होता, बाकं भरलेली. आदेल्मो आत आला, टिचकी मारायला बोट वर केलं.

"कोम्पाद्रे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमचा धर्मपुत्र वयात आला. त्याला घर लहान पडतंय. पाद्रिनोने काय करायचं असतं?"

आदेल्मोचं बोट तसंच राहिलं. बाकांवरच्या बायकांना माशातलं काही कळत नसलं तरी पाद्रिनोचं कर्तव्य तोंडपाठ होतं.

"घर बघून द्यायचं असतं!" एक म्हातारी म्हणाली.

"नाव पाटीवर लावलंय, आता निभवा की!" दुसरी म्हणाली. "बघा बिचाऱ्याचं नाक."

चारचौघांत पुढाऱ्याला माघार घेता येईना. "नेतो ना," आदेल्मो म्हणाला. "आजच नेतो. माझा धर्मपुत्र आहे." आणि मान सावरायला म्हणून पुढे म्हणाला, "रविवारी सगळ्यांनी या. बिहाओच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर. एवढ्या माशात सगळी वस्ती जेवेल."

तेओलिंदाच्या हातातला तांब्या खाली पडला.

"जेवेल? कोम्पाद्रे, माझ्या नातीचेही पाद्रिनो तुम्हीच आहात. ती मोठी झाली की तिलाही पानात गुंडाळणार का?"

कोम्पाद्रेला असं कुणी बोलत नाही. आदेल्मोचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. तो हळूच म्हणाला, "मग काय करू, सांगा."

तिने सांगितलं. कपडे धुवायचा मोठा टब मोटोकारोच्या मागच्या सीटवर ठेवला, टबावर ओलं गोणपाट टाकलं, आणि ती गोणपाट दोन्ही हातांनी दाबून बसली. पुलापलीकडे, जिथे इताया नदीचं पाणी संथ आणि खोल आहे, तिथे दोघांनी टब उतरवला. तिने टब तिरका केला. पेहेतोरे क्षणभर काठाच्या चिखलात थांबला, मिशा हलवल्या, वळला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा अख्खा वळला. आणि गेला.

"केवढा होता शेवटी?" आदेल्मोने विचारलं.

"एक्केचाळीस."

"म्हणजे अजून बराच वाढायचा आहे," तो भिंत आठवून म्हणाला. खरोखर समजून म्हणाला. नऊ महिन्यांनी. तिला त्याचं डोकं टबावर आपटावंसं वाटलं, पण ती पाण्याकडेच बघत राहिली. एकतीस वर्षांत लहानाचा मोठा होताना बघितलेला एकच मासा, आणि तो हा. तिची सगळी यादी गिळणारा.

दुसऱ्या दिवशी समितीला, अध्यक्षाला, कुणालाही न विचारता तिने बारा निऑन आणून टाकीत सोडले. झाकणाची फट बुजवली. पाद्रिनोची पाटी उतरवून बाकामागे ठेवली. यादीतली पहिली ओळ अगदी होती तशी झाली. मग ती बाकावर बसली आणि बघत राहिली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की टाकी रिकामी दिसतेय.

शेजारी पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने तेच मोठ्याने विचारलं. "मावशी, मासा कुठे गेला? टाकी रिकामीच ठेवणार का आता?"

तेओलिंदाला संताप आला. त्या बाईचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. ती उठून काचेशी गेली, नाक लावून उभी राहिली. बारांतल्या एकाची शेपूट किंचित दुमडलेली होती. एक इतरांहून अर्धा सेंटिमीटर कमी भरत होता. तिला ते पट्टीशिवाय दिसलं.

तिने खिशातून लाल खडू काढला आणि भिंतीवरच्या पेहेतोरेपाशी गेली. कडेच्या रेघा एक्केचाळीसपाशी थांबल्या होत्या. त्यांच्या वर बायकांनी लिहिलेली पोरांची नावं होती. साठीच्या गुडघ्यांना शिव्या घालत ती जमिनीवर बसली, फीत धरली, आणि फरशीपासून साडेतीन सेंटिमीटरवर, निऑन पूर्ण वाढून जेवढा होतो तेवढ्यावर, माशाच्या शेपटीच्या टोकाशी, एक बारीक रेघ मारली.

"ही कुणाची?" त्या बाईने वाकून विचारलं. "एवढंसं पोर कुणाचं आहे?"

"माझी आहेत," तेओलिंदा म्हणाली. "बारा आहेत. सहा महिन्यांनी इथपर्यंत येतील. तोवर मी रोज येणार आहे."